दोन पत्रकांमधला इतिहास : माँटगोमेरीचा बस-बहिष्कार

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीचा विषय निघाला की आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. दिवसभर शिवणकाम करून थकलेली एक कृष्णवर्णीय स्त्री बसमध्ये बसली होती. गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला तिने नकार दिला. तिला अटक झाली. या एका नकारातून वर्षभराचे आंदोलन उभे राहिले, मार्टिन ल्यूथर किंग हे नाव जगापुढे आले आणि अखेर कायदा बदलला. पाठ्यपुस्तके, वक्तृत्व स्पर्धा आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्या यांतून ही गोष्ट आपल्या इतक्या अंगवळणी पडली आहे, की तिच्याकडे कथा म्हणून पाहण्याची गरज आपल्याला सहसा भासत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र ती तशी पाहावी. एकच नायिका, एकच क्षण, अनपेक्षित धैर्य आणि शेवटी न्याय, ही लोककथेची बांधणी आहे. लोककथेत कारणांची साखळी लांबवून चालत नाही आणि परिणामांचा हिशेबही सुखान्तापाशी थांबवावा लागतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही टोकांना काय गाळले गेले, ते पाहण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो दोन सायक्लोस्टाइल पत्रकांचा. आंदोलनाच्या आदल्या आठवड्यात एक निघाले, दुसरे त्याच्या अखेरीस.

प्रथम पार्श्वभूमी. १८९६ साली प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोयी समान असतील तर त्या वेगळ्या ठेवायला हरकत नाही, असे तत्त्व मान्य केले आणि दक्षिणेकडील राज्यांतील वर्णविलगीकरणाला घटनेचे कवच लाभले. शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ, प्रतीक्षागृहे, सारे वेगळे झाले. समान मात्र काहीच नव्हते. अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी ही गुलामगिरीच्या रक्षणासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यसंघाची १८६१ मधील पहिली राजधानी. १९५५ च्या सुमारास शहराची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास होती आणि तीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा ४० च्या घरात होते. बसच्या उतारूंत मात्र ते सुमारे तीन चतुर्थांश होते.

या बसची अंतर्रचना समजून घेतली पाहिजे, कारण सारा संघर्ष तिच्यात सामावलेला आहे. ३६ आसनांपैकी पुढची १० गोऱ्यांसाठी राखीव असत. ती रिकामी असली तरी उभ्या असलेल्या काळ्या माणसाने तेथे बसायचे नाही. मागची १० काळ्यांची. मधली १६ कोणाची, हे चालक ठरवी. गोऱ्यांची गर्दी वाढली की मधल्या भागातील काळ्या उतारूंनी उठायचे, आणि एक गोरा माणूस बसावा म्हणून ती संपूर्ण रांग रिकामी करायची. नगरपालिकेच्या नियमांनी चालकाला पोलिसाचे अधिकार दिले होते. अनेकदा उतारूने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, पुन्हा खाली उतरायचे आणि मागच्या दाराने आत शिरायचे. तेवढ्यात बस निघून गेली तर पैसेही गेले. सीमारेषा पक्की असती तर अपमानही पक्का, अपेक्षित असा झाला असता. येथे ती रेषा रोज चालकाच्या मर्जीने सरकत होती. संतापाचे एक मोठे कारण या अनिश्चिततेत होते.

आता गोष्टीतून गाळल्या गेलेल्या व्यक्तींकडे वळू. मेरी फेअर बर्क्स या अलाबामा स्टेट कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात इंग्रजीच्या प्राध्यापिका होत्या. १९४६ साली त्यांनी ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ ही स्त्रियांची संघटना स्थापन केली. मतदार नोंदणी आणि नागरी शिक्षण ही तिची आरंभीची कामे. १९४९ साली जो अ‍ॅन रॉबिन्सन त्याच इंग्रजी विभागात रुजू झाल्या. त्या वर्षीच्या नाताळच्या सुटीत जवळजवळ रिकाम्या बसमध्ये चुकून पुढच्या भागात बसल्याबद्दल चालक त्यांच्या अंगावर धावून आला, आणि त्या रडत खाली उतरल्या. पुढे संघटनेची धुरा त्यांच्याकडे आल्यावर बसमधील वागणूक हा त्यांनी मुख्य विषय केला. २१ मे १९५४ रोजी, म्हणजे शाळांतील विलगीकरण घटनाबाह्य ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालानंतर अवघ्या चार दिवसांनी, त्यांनी महापौर गेल यांना पत्र पाठवले. पत्राची भाषा अत्यंत शालीन होती. त्यात उतारूंतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण नोंदवून, शहरातील पंचवीस किंवा त्याहून अधिक संस्था बसवर बहिष्कार घालण्याचा विचार करीत आहेत, याची जाणीव करून दिली होती. रोझा पार्क्स यांची अटक त्यानंतर दीड वर्षाने झाली. म्हणजेच बहिष्काराची कल्पना त्या अटकेतून जन्मली नाही. ती तयार होती आणि निमित्ताची वाट पाहत होती.

निमित्तेही एकाहून अधिक आली. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कॉल्व्हिन या १५ वर्षांच्या विद्यार्थिनीने जागा सोडायला नकार दिला आणि आपला घटनात्मक हक्क पोलिसांना मोठ्याने ऐकवला. तिच्या शाळेत त्या दिवसांत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा अभ्यास चालू होता. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रूथ आणि हॅरिएट टबमन या स्त्रियांचे हात आपल्या खांद्यांवर आहेत, असे त्या क्षणी वाटले, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. वर्गात शिकलेला इतिहास माणसाच्या शरीरात कसा उतरतो, याचे याहून बोलके उदाहरण विरळा. तरीही नेत्यांनी तिच्यासाठी आंदोलन पुकारले नाही. अपिलात विलगीकरणाचा आरोप वगळून केवळ पोलिसावरील हल्ल्याचा आरोप कायम राहिला, त्यामुळे त्या खटल्यातून मूळ कायद्याला आव्हान देणे अवघड झाले. हे कायदेशीर कारण झाले. पण तिचे अल्पवय, तिची गरीब वस्ती, तिचा तापट मानला गेलेला स्वभाव आणि पुढे तिला गेलेले दिवस, यांचाही विचार झाला. ऑक्टोबरमध्ये मेरी लुईझ स्मिथ ही १८ वर्षांची मुलगी पकडली गेली; तिच्याही वाट्याला हेच आले. अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्या समाजालाही आपली नायिका निवडताना प्रतिष्ठेचे निकष लावावे लागतात, हे येथे नोंदवले पाहिजे. गोऱ्या वृत्तपत्रांना बोट ठेवायला जागा मिळू नये ही त्यामागील चिंता समजण्याजोगी होती. तिची किंमत मात्र एका शाळकरी मुलीने मोजली.

या पार्श्वभूमीवर १ डिसेंबर १९५५ चा गुरुवार पाहावा. ४२ वर्षांच्या रोझा पार्क्स एका मोठ्या दुकानात शिवणकाम करीत, हे खरे. पण १९४३ पासून त्या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांच्या कैफियती गोळा करण्यासाठी त्यांनी खेडोपाडी प्रवास केला होता. १९५५ च्याच उन्हाळ्यात टेनेसीमधील हायलँडर लोकशाळेच्या कार्यशाळेत त्यांनी दोन आठवडे काढले होते. त्या दिवशीचा चालक तोच होता, ज्याने १९४३ साली त्यांना बसमधून उतरवले होते. आणखी एक तपशील: त्या गोऱ्यांच्या राखीव आसनावर बसल्या नव्हत्या, मधल्या, सरकत्या रेषेच्या भागात बसल्या होत्या. आपण त्या दिवशी शरीराने काही विशेष थकलो नव्हतो, सतत मान तुकवण्याचा तेवढा वीट आला होता, असा खुलासा त्यांनी आत्मचरित्रात केला आहे. ‘थकलेली स्त्री’ हे विशेषण तरीही त्यांना चिकटून राहिले. थकव्यातून आलेला नकार निष्पाप वाटतो. विचारपूर्वक दिलेला नकार ऐकणाऱ्यालाही काही विचारत असतो.

पार्क्स यांना जामिनावर सोडवण्यात पुढाकार होता ई. डी. निक्सन यांचा. ते रेल्वेच्या शयनयान डब्यांतील सेवकांच्या कामगार संघटनेचे जुने कार्यकर्ते. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन महाविद्यालयात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या साहाय्याने पहाटेपर्यंत हजारो पत्रके सायक्लोस्टाइल करून काढली. एका कागदावर मजकुराच्या तीन प्रती बसवल्या होत्या, कापून वाटण्यासाठी. सकाळी ८ वाजता त्यांचा तास होता. तो त्यांनी घेतला आणि मग विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन शाळाशाळांतून गठ्ठे पोहोचवले.

हेच आपले पहिले पत्रक. त्याचे वाचन बारकाईने करावे असे आहे. आणखी एका स्त्रीला अटक झाली, असा त्याचा आरंभ आहे. रोझा पार्क्स हे नाव त्यात नाही. नाव आहे ते क्लॉडेट कॉल्व्हिन हिचे: तिच्यानंतरची ही दुसरी अटक, असा हिशेब मांडला आहे. पुढची पाळी तुमची, तुमच्या मुलीची किंवा आईची असू शकेल, असा इशारा आहे. सोमवारी कामाला, बाजारात, शाळेत, कोठेही जाताना बस घेऊ नका, एवढीच मागणी आहे. खाली सही नाही, कारण शासकीय अनुदानावर चालणाऱ्या महाविद्यालयातील प्राध्यापिकेला ती परवडणारी नव्हती. एकाच नायिकेची कथा रचण्याचा हेतू असता तर हा मजकूर असा लिहिला गेला नसता. ‘आणखी एक’ या शब्दांत अपमानांची मालिका आहे, आणि वाचणाऱ्या प्रत्येक स्त्रीला त्या मालिकेत जागा करून दिली आहे. एक इंग्रजीची प्राध्यापिका एका रात्रीत लिहिते, तेव्हा तिला आपला वाचक कोण हे नेमके ठाऊक असते, असेच म्हणावे लागेल.

सोमवार, ५ डिसेंबर रोजी बस जवळजवळ रिकाम्या धावल्या. पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर खर्च अशी शिक्षा झाली. त्याच दिवशी ‘माँटगोमेरी इंप्रूव्हमेंट असोसिएशन’ स्थापन होऊन २६ वर्षांचे पाद्री किंग तिचे अध्यक्ष झाले. शहरात ते नवखे होते. जुन्या गटबाजीत सापडलेले नव्हते, हाही त्यांच्या निवडीचा एक लाभ. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट चर्चमधील प्रचंड सभेत बहिष्कार चालू ठेवण्याचे ठरले. मागण्या मात्र विलक्षण सौम्य होत्या: चालकांनी सभ्यपणे वागावे, काळ्यांनी मागून व गोऱ्यांनी पुढून, आधी येईल त्याने बसावे, बसल्यावर कोणाला उठवू नये, कृष्णवर्णीय वस्तीच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. विलगीकरण रद्द करा, अशी मागणी नव्हती. एवढेही नाकारले गेल्यावरच आंदोलन मुळाशी गेले. १ फेब्रुवारी १९५६ रोजी फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने खुद्द विलगीकरणाच्या कायद्याला संघराज्याच्या न्यायालयात आव्हान दिले. सत्तेच्या आडमुठेपणाने विरोधकांची मागणी मोठी होत जाते, याचे हे प्रत्यंतर होय.

वर्षभर बसशिवाय कसे चालले? उत्तर आहे व्यवस्थापनात. सुमारे ३०० मोटारी, ठरलेले थांबे, वेळापत्रक आणि चर्चमधून जमा होणारी वर्गणी. १९५३ साली लुइझियानातील बॅटन रूज शहरात बसवर अल्पकाळ बहिष्कार झाला होता. तेथील मोटारींच्या व्यवस्थेची माहिती किंग यांनी मागवून घेतली. विमा कंपन्यांनी मोटारींचे विमे रद्द केले तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला गेला. असंख्य मोलकरणी, धोबिणी, मजूर मैलोगणती चालले. काही गोऱ्या गृहिणी आपल्या मोलकरणींना स्वतःच मोटारीतून ने-आण करू लागल्या. महापौरांनी त्यांना जाहीर दटावूनही तो प्रकार थांबला नाही.

आपल्याकडे या आंदोलनाचा उल्लेख होतो तो बहुधा गांधीजींचा वारसा म्हणून. हा संबंध खरा आहे, पण तो कसा जुळला ते पाहणे उद्बोधक ठरेल. १२ डिसेंबर १९५५ रोजी, म्हणजे आंदोलनाला आठवडा झाला असताना, ज्युलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल स्त्रीने स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहून या चालणाऱ्या माणसांची तुलना दांडीयात्रेशी केली, थोरोचीही आठवण करून दिली. माँटगोमेरीत ही तुलना जाहीरपणे प्रथम केली ती या वाचनप्रिय स्त्रीने. आरंभी आंदोलकांची भाषा बायबलची होती, शेजाऱ्यावर प्रेम करण्याची. ३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. जमलेल्या संतप्त जमावाला त्यांनी शांतपणे परत पाठवले, तरी त्या काळात त्यांच्या घरात संरक्षणासाठी शस्त्रे होतीच. फेब्रुवारीत बेयर्ड रस्टिन आणि पाठोपाठ ग्लेन स्माइली हे अहिंसक प्रतिकाराचे जाणकार आले, आणि त्यांच्या सहवासात अहिंसा ही किंग यांच्यापुरती तरी डावपेचाकडून जीवननिष्ठेकडे वळत गेली. अहिंसाही येथे शिकली गेली, तीही आंदोलन चालू असताना.

‘बहिष्कार’ या शब्दापाशी मराठी वाचकाने थोडे थांबावे. ‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द १८८० साली आयर्लंडमध्ये एका जमीनदारांच्या कारभाऱ्याच्या आडनावावरून रूढ झाला. आपण त्यासाठी योजलेला शब्द मात्र जुना आहे, जातिपंचायतीच्या आणि गावगाड्याच्या व्यवहारातला. स्वदेशीच्या चळवळीत तो राज्यकर्त्यांविरुद्धचे शस्त्र झाला, पण गावात तो दलितांवर पडतच राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले, त्यात हाच अर्थ आहे. एकाच शब्दाच्या या दोन धारा आपल्याला ठाऊक असल्याने किंग यांना पडलेला पेच आपल्याला चटकन समजावा. विलगीकरणवादी गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ संघटना काळ्यांची नोकरी, उधारी, पुरवठा तोडण्यासाठी हेच तंत्र वापरीत होत्या. आपण तेच करीत आहोत काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला. आपण अन्यायी व्यवस्थेला दिलेले सहकार्य काढून घेत आहोत, असे त्याचे उत्तर त्यांनी थोरोच्या आधारे शोधले. कायद्याच्या दृष्टीनेही शब्द धोक्याचा होता. १९२१ च्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली फेब्रुवारीत ८० हून अधिक कार्यकर्त्यांवर आरोप ठेवले गेले आणि मार्चमध्ये किंग दोषी ठरले. तरीही दोन्ही धारांतील फरक टिकतो. माणसाला समाजाबाहेर काढणारा बहिष्कार बलिष्ठ घालतात. आधीच बाहेर ठेवलेली माणसे आपली वर्गणी, आपले श्रम आणि आपले पाय काढून घेतात, तेव्हा त्यांची मागणी आत येण्याची असते.

आता परिणामांचा प्रश्न. तांत्रिक दृष्ट्या पाहिले तर बसमधील विलगीकरण बहिष्काराने संपवले नाही. ते संपवले ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या खटल्याने, आणि त्यातील वादी होत्या चार स्त्रिया: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. नायिका म्हणून नाकारल्या गेलेल्या दोघी येथे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. ५ जून १९५६ रोजी तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. योगायोग असा, की त्याच दिवशी स्थानिक न्यायालय मोटारींची पर्यायी व्यवस्था बंद पाडण्याचा हुकूम देत होते.

मग ३८१ दिवसांची पायपीट व्यर्थ होती काय? दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. उत्पन्न आटल्यावर बस कंपनी एप्रिल १९५६ मध्येच विलगीकरण सोडायला तयार झाली होती. तिला अडवले ते शहराच्या कारभाऱ्यांनी व राज्याच्या न्यायालयाने. आर्थिक दबाव व्यापाऱ्याला वाकवतो, वर्चस्वाला वाकवायला तो पुरत नाही, म्हणून न्यायालयाची गरज होती. उलट केवळ निकाल पुरता का, याचे उत्तर शाळांनी दिले होते: १९५४ चा ब्राउन निकाल होऊनही दक्षिणेतील बहुसंख्य शाळा पुढे कित्येक वर्षे वेगळ्याच राहिल्या. माँटगोमेरीच्या बसबाबतीत निकालाचा कागद हाती पडताच तो अमलात आणायला एक संघटित समाज तयार होता.

त्या तयारीचा पुरावा म्हणजे दुसरे पत्रक. १९ डिसेंबर १९५६ च्या या पत्रकात बसमध्ये परत कसे बसावे याच्या सूचना आहेत. विजयाचा तोरा मिरवू नये, शिवीला शिवीने व धक्क्याला धक्क्याने उत्तर देऊ नये, शेजारी गोरा उतारू असला तरी सहजपणे बसावे, असा त्याचा आशय. त्याआधी चर्चमधून खुर्च्या बससारख्या मांडून तालमी झाल्या होत्या. कोणी चालक होई, कोणी उद्धट गोरा उतारू. पहिले पत्रक ‘बसू नका’ सांगणारे, दुसरे ‘असे बसा’ सांगणारे. या दोहोंमधील वर्षात एका समाजाने स्वतःला घडवले, आणि माझ्या मते बहिष्काराचा सर्वांत टिकाऊ परिणाम हाच. जानेवारी १९५७ मध्ये किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेल्या दक्षिणी ख्रिस्ती नेत्यांच्या परिषदेमागे हाच अनुभव होता. १९६० मधील विद्यार्थ्यांची उपाहारगृहांतील धरणी आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा येथपर्यंत त्याचे पडसाद उमटलेले दिसतात.

सुखान्त मात्र येथे नाही. २१ डिसेंबरनंतर बसवर गोळीबार झाले आणि एक गर्भवती स्त्री जखमी झाली. १० जानेवारी १९५७ रोजी चार चर्चवर बाँब पडले. १९५९ साली शहराने आपली सार्वजनिक उद्याने आणि प्राणिसंग्रहालय बंद करून टाकले. काळ्यांबरोबर वापरावे लागण्यापेक्षा गोऱ्यांना बागच नसलेली बरी वाटली. रोझा पार्क्स यांची नोकरी आंदोलनाच्या पहिल्याच महिन्यांत सुटली होती. १९५७ मध्ये त्यांनी शहर सोडून डेट्रॉइट गाठले. ज्युलिएट मॉर्गन यांना धमक्या व उपहास यांनी घेरले, आणि १९५७ च्या जुलैत त्यांचे आयुष्य संपले. १९६० साली विद्यार्थ्यांच्या निदर्शनांनंतर राज्य सरकारचा रोख अलाबामा स्टेट कॉलेजकडे वळला. १९५९ मध्ये किंग यांच्याबरोबर भारतात येऊन गेलेले इतिहासकार लॉरेन्स रेडिक यांना बडतर्फ करण्यात आले. बर्क्स आणि रॉबिन्सन राजीनामे देऊन बाहेर पडल्या. रॉबिन्सन यांच्या आठवणींचे पुस्तक प्रकाशित झाले ते १९८७ साली, तीन दशकांनंतर. आणि क्लॉडेट कॉल्व्हिन यांची बालगुन्हेगार म्हणून असलेली नोंद न्यायालयाने पुसली ती २०२१ मध्ये.

‘कारणे व परिणाम लिहा’ हा इतिहासाच्या परीक्षेतला ठरीव प्रश्न आहे. माँटगोमेरीबाबत तो विचारला गेला, की कारणाच्या जागी एक थकलेली स्त्री आणि परिणामाच्या जागी एक थोर नेता लिहून विद्यार्थी मोकळा होतो. त्याने काही खोटे लिहिलेले नसते. पण त्या उत्तरातून तो एवढेच शिकतो, की असा क्षण आणि अशी व्यक्ती यांची वाट पाहावी. त्याऐवजी त्याच्यापुढे त्या निनावी पत्रकाचा कागद ठेवावा आणि विचारावे: हा कोणी लिहिला, त्याआधी किती वर्षे ती व्यक्ती काय करीत होती, या मजकुरात कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही? वर्गात संहितेला जे प्रश्न विचारायला आपण शिकवतो, तेच हे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे शोधताना त्याला महापौरांना गेलेले पत्र सापडेल, १५ वर्षांची एक मुलगी सापडेल, आणि रात्रभर पत्रके छापून सकाळी आठच्या तासाला हजर झालेली त्याच्याच विषयाची एक प्राध्यापिकाही सापडेल.